अप्पांचा जॉब परत आला

आमच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘फक्त गिअरबॉक्स आणि क्लच’ असं लिहिलंय, तरी आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी पंक्चर काढायला येतंच. मी आतून ओरडते, “वाचता येतं ना?” मग माझा भागीदार पुढं होतो आणि त्या माणसाशी गोड बोलून त्याला शेजारच्या पंक्चरवाल्याकडं पाठवतो. भागीदार चिंचवडच्या जुन्या गॅरेजवाल्यांच्या घरातला, बाप आणि आजा दोघंही मेकॅनिक. त्याला मी भाई म्हणते. मी स्वतः आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात गिअरबॉक्सच्या लाइनवर उभी राहिलेली बाई. गिअरबॉक्स जोडून बंद कसा करायचा ते मी लाइनवर शिकले, उघडायचा कसा ते भाईनं शिकवलं. मग नोकरी सोडून पुनावळ्याच्या सर्व्हिस रोडला आम्ही दोघांनी शटर उघडलं. बाई गिअरबॉक्स खोलते हे बघायला सुरुवातीला लोक उगाच गाडी हळू करायचे. आता गाडी हळू होते ती गिअर पडत नाही म्हणून, आणि ती थेट आमच्याच दारात येते. याचा मला गर्व आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट मी इतक्या वर्षांत ठामपणे सांगू शकते. गिअरबॉक्स आपणहून क्वचित बिघडतो, त्याला माणसंच छळतात. हिंजवडीला जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी बघा. गाडी मुंगीच्या पावलानं पुढं सरकते आणि ड्रायव्हरचा डावा पाय क्लचवर अर्धा दाबून तसाच ठेवलेला. ना सोडलेला, ना पूर्ण दाबलेला. तिकडं आत प्लेट घासून घासून जळते. चढावर गाडी धरून ठेवायला ब्रेक दिलाय, हँडब्रेक दिलाय, पण आमच्या लोकांना क्लचवरच गाडी तोलायची हौस. जळका वास आला की म्हणतात, “पुढच्या गाडीचा येतोय.” ताथवड्याच्या कॉलेजातली पोरं वेगळीच. त्यांचा हात कायम गिअरच्या दांडीवर. दांडीवर टाकलेलं हाताचं वजन आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर पडतं, तो झिजतो आणि एक दिवस गिअर आपोआप बाहेर उडी मारतो. पावसाळ्यात हायवेच्या खालच्या बोगद्यात पाणी साठलं की त्यातून गाड्या घालणारे शूरवीर येतात. त्यांचा ड्रेन बोल्ट उघडला की दुधाळ चहासारखं ऑइल बाहेर येतं. पाणी शिरलेलं असतं. ते वेळेत काढलं, दोनदा धुऊन नवं भरलं तर निभावतं, नाहीतर बेअरिंगं गंजतात. ऑटोमॅटिकवाल्यांना तर कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की या गाडीचं ऑइल जन्मभर बदलायचं नसतं. मग गाडी झटके देत येते. मी विचारते, “जन्मभर म्हणजे गाडीच्या की तुमच्या?” भाई मला डोळ्यांनी गप्प करतो.

हे सगळं सांगितलं, कारण ज्या गाडीची गोष्ट मला सांगायची आहे तिला यातलं काहीच झालं नव्हतं. तिला जे झालं ते माझ्या वडिलांच्या हातून झालं.

आमचे अप्पा मूळचे मावळातल्या खेड्यातले. तरुणपणी पिंपरीला आले आणि एका मोठ्या कारखान्यात, अवजड गाड्यांच्या चाकांचे आस बनतात त्या अॅक्सल विभागात लागले. आयुष्यभर तेच काम. वस्तीतल्या विहाराच्या मागं आमचं दोन खोल्यांचं घर होतं, तिथून ते शिफ्टला सायकलवर जायचे. युनिफॉर्मला कडक इस्त्री. आईनं कितीदा सांगितलं की तिथं जाऊन काळाच होणार आहे तो शर्ट, पण अप्पा म्हणायचे, “काळा झाला तर कामानं व्हावा, आळसानं न्हाई.” लहानपणी रस्त्यावरून मालानं भरलेला ट्रक गेला की ते मला त्याच्या मागच्या चाकांकडं बोट करून दाखवायचे. त्या ट्रकचा सगळा भार आपल्या घरच्या माणसावर आहे असं मला वाटायचं आणि मी शाळेत तसं सांगायचेही.

निवृत्तीनंतर मात्र त्यांचे हाल बघवेनात. आधी त्यांनी घरातल्या कुकरची दांडी घट्ट केली, मग पंखे, मग शेजाऱ्यांचे पंखे. पिळायला काही उरलं नाही तेव्हा ते खिडकीशी बसायला लागले. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. शुगर वाढली. आई मला फोनवर हळू आवाजात म्हणाली, “ह्यांना कुठंतरी घेऊन जा गं. मला भीती वाटते.” मी त्यांना गॅरेजला बोलावलं, बहाणा केला की शटरवर कुणीतरी विश्वासाचं माणूस पाहिजे. दुसऱ्या दिवशी आठच्या आत स्कूटरवरून हजर. शर्टाला इस्त्री.

महिन्याभरात माणूस बदलला. आवाज परत आला. ड्रायव्हर लोकांना ते हाफ क्लचवरून झापायला लागले, आणि गंमत म्हणजे ड्रायव्हर ऐकूनही घ्यायचे. मी ओरडले की त्यांना राग येतो, अप्पांचं मात्र “काका बरोबर बोलतात.” हळूहळू त्यांनी हातात पानाही घेतला. आमचे गिअरबॉक्स त्यांना खेळण्यातले वाटायचे. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर ते पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे, कारखान्यात द्यायचे तसा, म्हणजे आवळलाय याची खूण. गिऱ्हाईकांना तो ठिपका आवडायचा. भाईसुद्धा द्यायला लागला.

एकच गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती, ती म्हणजे आमचं ऑइल. छोट्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पातळ ऑइल असतं. ते बोटांवर घेऊन अप्पा नाक मुरडायचे. “हे काय ऑइल हाय? पाणी हाय पाणी. आमच्याकडं कसं असायचं, मधासारखं.” मी म्हणायचे, “तुमचा ट्रक होता अप्पा.” ते म्हणायचे, “लोखंड ते लोखंड.” मी हसून सोडून द्यायचे.

पाऊस सरत आला होता तेव्हाची गोष्ट. मी आणि भाई भोसरीला बेअरिंगं आणायला गेलो होतो. मागं अप्पा एकटे. तेवढ्यात आमचा एक जुना ड्रायव्हर त्याची कॅब घेऊन आला. हा हिंगोलीकडचा, बायकोपोरांना घेऊन पुनावळ्यात खोली करून राहिलेला. हिंजवडीच्या एका कंपनीची सकाळची माणसं आणतो-सोडतो. गाडीखाली ऑइल ठिबकत होतं. अॅक्सलच्या तोंडाशी असलेलं ऑइल सील गेलं होतं, आणि अप्पांनी हे काम आमच्याबरोबर कितीतरी वेळा केलं होतं. त्यांनी सील बदललं, ऑइल भरलं, ठिपका दिला आणि गाडी संध्याकाळच्या ड्यूटीला वेळेत रवाना केली. मी परत आले तेव्हा ठिबकणं बंद, ड्रायव्हर खूश आणि अप्पा खुर्चीवर पाय लांब करून चहा पीत होते. त्या दिवशी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगितलं. भेटेल त्याला सांगितलं की माझ्या बापानं या वयात एकट्यानं काम काढलं.

डिसेंबरात ती गाडी परत आली, ती धड चालत नव्हती. ड्रायव्हर खाली उतरला तोच तापलेला.

“ताई, सकाळच्याला पहिला गिअर पडतच नाही बघा. दुसरा टाकला की कर्र कर्र करतंय. आज भूमकर चौकात मधोमध अडकलो. मागून ही हॉर्नची रांग. आत कंपनीच्या मॅडम बसलेल्या. ट्रान्सपोर्टवाल्यानं सांगितलंय, अजून एकदा बंद पडली तर गाडी काढून टाकणार म्हणून.”

“गरम झाल्यावर?” मी विचारलं.

“गरम झाली की बरी चालती. सकाळचाच सगळा ताप.”

अशा वेळी घाई करून गिअरबॉक्स उतरवायचा नसतो. आधी बाहेरून बघायचं. क्लच नीट सुटत नसेल तरी गिअर अडतो, म्हणून पहिल्यांदा क्लच बघितला. पेडल ठीक, क्लचचं तेल ठीक, त्याच्या नळीत हवा नाही. मग दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबली आणि त्यांच्या टोकांचे बुश. बुश झिजले की दांडी ढिली होते, पण ही घट्ट होती. राहिलं ऑइल. भाईनं खाली ट्रे सरकवला आणि ड्रेन बोल्ट सोडला.

ऑइल आलं तेच मुळी सावकाश आलं. थंडीत काकवी ओतावी तसं. त्याबरोबर तो उग्र, कुजकट वास आला, जो मी लहानपणापासून अप्पांच्या शर्टाला ओळखत होते. भाईनं ट्रेवर बॅटरी मारली. ऑइलात पिवळी चमक तरंगत होती. पितळ. भाईनं माझ्याकडं बघितलं आणि बॅटरी बंद केली.  ते ट्रकच्या अॅक्सलचं ऑइल होतं. अप्पांनी बाजारातून स्वतःच्या पसंतीनं आणलेला त्याचा डबा मागच्या रॅकवर होताच, मी तो कधी निरखून बघितला नव्हता.

ड्रायव्हर काही दूधखुळा नव्हता. “काकांनी भरलं होतं ना हे?” त्यानं विचारलं. समोर रस्त्यापलीकडं चहाच्या गाडीवर त्याचे तीन-चार सोबती उभे होते, त्यांचंही लक्ष इकडंच होतं. मी त्याला म्हटलं, “गाडी माझ्या दारातून गेली होती, जबाबदारी माझी. एक पैसा लागणार नाही. चहा घेऊन ये.” तो गेला, पण मान हलवत गेला.

भाई मला आत घेऊन गेला. त्याचं बोलणं नेहमी मऊ असतं, त्या दिवशी जास्तच मऊ होतं. “देख, सीलच खराब निघालं म्हणून सांगू. ऑइलचं कुणाला काय कळतंय. पण यापुढं अप्पांच्या हातात पाना नको. शटरवर बसू दे, चहापाणी बघू दे.”

“अप्पा चहापाणी बघायला येतात असं वाटतं तुला?”

“मग तूच सांग काय करायचं. ड्रायव्हर लोकांत एकदा नाव गेलं ना, तर आपण दोघं पंक्चर काढत बसू.”

तो खरं बोलत होता आणि म्हणूनच मला त्याचा भयंकर राग आला. हातातून पाना काढून घेतला तर अप्पा दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, हे मला माहीत होतं. ते परत खिडकीशी बसतील आणि या वेळी तिथून उठणार नाहीत. आणि पाना हातात ठेवला तर उद्या आणखी कुणाची तरी गाडी चौकात अडकेल.  तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. त्या दिवशी ते दवाखान्यात तपासणी करून उशिरा आले होते.

अप्पांनी ट्रे बघितला. वाकले, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. त्यांना एका क्षणात समजलं की हे त्यांचंच ऑइल आहे. मला वाटलं आता ते खचतील. कसले खचतात.

“ऑइलला काय झालंय? एक नंबर हाय अजून. तुमचा गिअरबॉक्सच नाजूक. च्यायला, डबडं निस्तं.”

मग माझाही पारा चढला. बापाशी बोलते आहे हे विसरले. “या इकडं,” मी म्हटलं आणि रॅकमधून एक सुटा गिअर आणि पितळेची नवी रिंग काढली. “बसा. बघा.”

गिअर बदलताना आत दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगानं फिरत असतात. ही रिंग त्यातल्या एकीला धरते आणि दोघींचा वेग सारखा करते, धावत्या पोराला दंडाला धरून आपल्या चालीवर आणावं तसं. मगच दात दातांत बसतात. त्यासाठी रिंगला पकड पाहिजे. मी गिअरच्या उतरत्या कडेला आमचं पातळ ऑइल लावलं, रिंग चढवली, दाबून फिरवली. ऑइल बाजूला सरलं आणि रिंग घट्ट चिकटली. गिअर तिच्याबरोबर फिरला. मग सगळं पुसून अप्पांचं जाड ऑइल लावलं. रिंग दाबली तरी घसरत राहिली. गार ऑइल असेल तर आणखीच घसरते, म्हणून सकाळी कर्र कर्र. वर त्या ऑइलातलं औषध ट्रकच्या लोखंडी दातांना जपतं, पण पितळेला खातं. ट्रेमधली चमक तीच.

“तुमच्या अॅक्सलमध्ये ही रिंग होती का?” मी विचारलं.

 अप्पांनी माझ्या हातातून गिअर घेतला. स्वतः पुसला, स्वतः ऑइल लावलं, स्वतः दाबून बघितलं. एकदा आमचं, एकदा त्यांचं. परत आमचं, परत त्यांचं. भाई दारात उभा राहून नखं बघत होता. शेवटी अप्पांनी गिअर टेबलावर ठेवला, हात पुसले आणि बाहेर जाऊन रस्त्यापलीकडं हाक मारली.

“ओ भाऊ! या रं सगळे जरा हिकडं.”

मला वाटलं आता भांडण. मी मागं धावले. ड्रायव्हर आणि त्याचे सोबती चहाचे कागदी कप हातात घेऊनच आले. अप्पा शटरच्या रेषेवर सरळ उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मोठ्यानं, शिफ्टला हजेरी द्यावी तशा आवाजात बोलले.

“हा जॉब माझा हाय. सील बी मी बसवलं, ऑइल बी मी भरलं. ऑइल चुकीचं भरलं. त्यात पोरीची चूक न्हाई, भाईची न्हाई. माझा जॉब परत आलाय. तो मीच करणार.”

 मग अप्पांनी टोपी घातली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, तेव्हा मला ही रीत पहिल्यांदा कळली. त्यांच्या विभागात एखाद्याचं काम तपासणीतून परत आलं, तर दुसऱ्या दिवशी मशिनं सुरू व्हायच्या आधी त्यानं सगळ्या शिफ्टपुढं उभं राहून आपल्या तोंडानं ते सांगायचं आणि दुरुस्तही त्यानंच करायचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. हसायचं नाही. नंतर कधी चहावर तो विषय काढायचा नाही. हा नियम कुठल्या साहेबानं केलेला नव्हता, कामगारांनी आपापसांत केलेला होता.

“तुम्ही उभे राहिला होता कधी?” मी विचारलं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. आमच्या घरात तर सगळ्यांना हेच माहीत होतं की अप्पांचं काम कधी परत आलं नाही.

“दोनदा,” ते म्हणाले. “तुज्या जन्माच्या आधी एकदा, नंतर एकदा.”

बापाचा अभिमान मला पहिल्यापासून होता, पण तो त्या ट्रकांमुळं होता. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या ‘दोनदा’मुळं. भर रस्त्यात, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांपुढं, टोपी काढून उभं राहायचं हे येरागबाळ्याचं काम नाही. मी तशी उभी राहू शकले असते का, मला सांगता येत नाही.

ड्रायव्हरचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो माझ्याकडं बघून चाचरत म्हणाला, “काकांबद्दल काय नाही ताई, पण उद्या-परवा परत अडकलो तर मेलोच की. तुम्ही स्वतः करणार ना?”

“करणार अप्पा,” मी म्हटलं. “तपासणार मी. आणि माझी तपासणी झाल्याशिवाय गाडी हलणार नाही.”

“उद्या सकाळी गार गाडीवर तपास,” अप्पा म्हणाले. “जॉब ओके झाला तर मी कामाला. न्हाई झाला तर उद्यापासून ह्या शटरच्या आत मी पाय ठेवणार न्हाई. भाई, ऐकलंस न्हवं?”

भाई म्हणाला, “अप्पा, ऐसा कायको...” पण अप्पा तोवर बाह्या दुमडून गाडीखाली गेले होते. ड्रायव्हरनं ओळखीच्या दुसऱ्या कॅबवाल्याला फोन करून त्या संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशीची ड्यूटी त्याच्यावर टाकली आणि गाडी आमच्याकडं सोडली.

दुपारभर अप्पांनी काम केलं. गिअरबॉक्स उतरवायला भाईनं हात दिला, वजन असतं म्हणून. बाकी सगळं त्यांनी एकट्यानं केलं. मात्र हा माणूस मी ओळखत होते तो नव्हता. चष्मा लावून गाडीचं सर्व्हिस पुस्तक वाचत होता. प्रत्येक गोष्ट विचारत होता. “ही रिंग कंच्या बाजूनं?” “ह्या बोल्टला किती टाइट?” “ह्यात कंचं ऑइल, मला डब्यावरचं वाचून दाखव.” पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या रिंगा अंगठ्यानं चाचपल्या तरी झिजलेल्या कळत होत्या. त्या बदलल्या. गिअरची उतरती कड तपासली, ती शाबूत होती. बेअरिंगं हातानं फिरवून, कानाशी धरून ऐकली. सगळं केसिंग धुतलं, जाड ऑइलाचा ओघळसुद्धा कुठं ठेवला नाही. सीलं नवीच घातली. बंद करून गाडीला चढवल्यावर वरचा बोल्ट काढून त्या भोकातून पातळ ऑइल भरत गेले, ते त्याच भोकातून बारीक धारेनं बाहेर येईपर्यंत. तेवढीच पातळी हवी असते, कमी नाही आणि जास्तही नाही. भरताना त्यांनी एकदाही त्या ऑइलाला पाणी म्हटलं नाही. बोल्टवर ठिपके मात्र दिले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “तपासल्यावर तू दे.”

सकाळी मी पोचले तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. पवना नदीकडून येणारा गारठा हायवेपर्यंत पोचला होता. अप्पा आधीच आलेले, पण टोपी हातात घेऊन शटरच्या बाहेर उभे. किल्ली भाईकडं होती, त्यानं शटर उघडलं तरी ते आत आले नाहीत. ड्रायव्हरही आला, सोबतीला कालचे सगळे. ते रस्त्यापलीकडं चहाच्या गाडीपाशी थांबले, जवळ येऊन बघायचा त्यांना संकोच वाटत असावा.

अप्पांनी मला हाक मारली. माझ्या नावानं नाही, पोरी म्हणूनही नाही.

“साहेब,” ते म्हणाले, “जॉब तयार हाय. चेक करून घ्या.”

भाईनं तोंड फिरवलं. मला हसू फुटावं किंवा रडू यावं अशी वेळ होती, पण अप्पांचा चेहरा बघितला आणि कळलं की ते थट्टा करत नाहीत. वरवर बघून मान डोलावली असती तर त्यांनी मला आयुष्यभर माफ केलं नसतं. मी गाडीखाली गेले. बोल्ट किती आवळलाय ते मोजणारा टॉर्कचा पाना लावून केसिंगचा एकेक बोल्ट तपासला. प्रत्येक बोल्टवर पाना ‘कट्’ वाजला. पातळीचा बोल्ट उघडला, ऑइल बरोबर कडेला होतं. सीलांवरून कोरडं फडकं फिरवलं, कोरडंच परत आलं. केबलींच्या पिना, रिव्हर्सच्या दिव्याची वायर, अॅक्सल नीट बसलेत का, सगळं बघितलं. ठिपके दिले. मग गाडीत बसले.

इंजिन सुरू केलं. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी. क्लच दाबला, पहिला टाकला. पडला. सर्व्हिस रोडला काढली. दुसरा. काही आवाज नाही. तिसरा, परत दुसरा, मुद्दाम जरा घाईनं. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. चौथा, पाचवा. वळवून परत आणली आणि शटरपुढं लावण्यासाठी रिव्हर्स टाकला.

कर्र झालं.

काचेतून मला अप्पा दिसले. त्यांच्या हातातली टोपी तशीच राहिली. मी दांडी न्यूट्रलला आणली, क्लच दाबून धरला, श्वासभर थांबले आणि परत टाकला. अलगद पडला. या गाडीत रिव्हर्सला ती पितळेची रिंग नसतेच, जरा दम धरून टाकावा लागतो. हे मला माहीत होतं, भाईला माहीत होतं. अप्पांनी काल स्वतः तो गिअर हातात धरला होता, त्यांनाही माहीत होतं. तरी त्या श्वासाइतका वेळ आम्ही तिघंही ते विसरलो होतो.

मी गाडी लावली, खाली उतरले, त्यांच्यासमोर उभी राहिले.

“ओके,” मी म्हटलं.

अप्पा जागचे हलले नाहीत. “असं न्हाई साहेब. चूक जितक्यांनी ऐकली तितक्यांना ओके ऐकू गेलं पायजे. आमच्यात तसंच असतंय.”

हायवेवर ट्रक धडधडत होते. पलीकडं ड्रायव्हर लोक चहाचे कप हातात धरून आमच्याकडं बघत होते. गिऱ्हाइकांवर ओरडायचा सराव आहे मला. मी छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या सर्व्हिस रोडला ऐकू जाईल असं ओरडले, “जॉब ओके!”

अप्पांनी टोपी घातली आणि आत आले.